गोठ्याची वास्तुशांत

नवं घर बांधलं की वास्तुशांत करायची, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. घर कर्ज काढून बांधलेलं असो की मुंबईहून आलेल्या पैशावर, लादी बसली, रंग लागला की यजमान मुहूर्त विचारायला येतात. जुनं घर उतरवताना मात्र सहसा कुणी येत नाही. जेसीबी ज्या दिवशी मोकळा असेल त्या दिवशी काम होतं. त्यामुळे गेल्या वैशाखात जयगडच्या सड्यावरच्या एका वाडीतून एका वयस्कर शेतकऱ्यांचा निरोप आला, तेव्हा मी विचारात पडलो. निरोप एवढाच होता : ‘गोठा उतरवायचा हाय, गुरुजी. त्याची काय शांत असते काय?’

जयगड, नांदिवडे, सांडेलावगण, चाफेरी, कचरे या गावांत माझी भिक्षुकी चालते. वडिलांचीही इथेच चालली. सत्यनारायणापासून दहाव्या-बाराव्यापर्यंत सगळं सांगत आलो. गोठ्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. पोथी उघडण्याआधी गोठा बघून यावा, असं ठरवलं.

इथलं सगळं बांधकाम जांभ्याचं. सड्यावरची वीतभर माती सरली की जांभा लागतो. घर, गोठा, विहीर, गडगा, देवळाची पोवळी, सगळं त्यातूनच उभं राहिलेलं. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो. पूर्वी कुदळीने चर पाडायचे, पहार घालून चिरा उचलायचा आणि तासून घ्यायचा. ऊन-वारा लागत गेला की त्यातलं लोह धरतं आणि चिरा कठीण होत जातो. आता चिरे यंत्राने कापतात, ते एका मापाचे निघतात. या गोठ्याचे चिरे हाताने काढलेले होते. एक सव्वा हात, दुसरा जेमतेम हातभर. त्यामुळे थर सरळ जात नव्हते, आणि बांधणाऱ्याने मध्ये पातळ चिपा घालून ते सावरले होते.

भिंत दोन फूट जाड, मातीत बसवलेली. पश्चिमेची बाजू सलग, एकही फट नाही, कारण मृगापासून झड तिकडून येते, समुद्राकडून. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभा पाणी पितो. म्हणून त्या बाजूचं छप्पर इतकं खाली आणलेलं की बाहेरून भिंत कमरेएवढीच दिसते. उत्तर-दक्षिणेला चिऱ्यांमध्ये फटी ठेवलेल्या, आतून हातभर रुंद, बाहेरून चार बोटं. वारा आत यावा, पाऊस येऊ नये, बिबट्याचा पंजा शिरू नये. दार पूर्वेला. दार म्हणजे फळ्या नव्हेत; दोन खांबांना भोकं पाडून त्यांतून आडवे सरकवायचे वासे. खाली फरशीला उतार, उताराच्या तळाशी पन्हळ, ती भिंतीखालून बाहेर गायरीत. वर चिव्याच्या काठ्यांचा माळा आणि त्यावर पेंढा. पेंढ्यामुळे गारठ्यात ऊब राहते, आणि माळ्यावरून एक पेंढी सोडली की ती नेमकी गव्हाणीत पडते.

मी पुष्कळ घरांच्या वास्तुशांती केल्या, त्यांत आर्किटेक्टने काढलेले बंगलेही होते. वाऱ्याचा, पाण्याचा आणि आत राहणाऱ्या जिवाचा इतका विचार केलेली वास्तू मला त्यांत थोडीच आढळली. आणि हा विचार ज्यांनी केला त्यांचं नाव कुठे नाही. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव असतं, घराच्या दर्शनी भिंतीवर साल असतं. गोठ्याला कुणी साल घालत नाही.

आत अंधार होता. डोळे सरावल्यावर भिंतीकडे गेलो. जांभ्याचा चिरा हाताला खरखरीत लागतो, जोरात घासला तर तळव्याचं साल निघेल. पण गव्हाणीच्या बाजूला, कमरेच्या जरा खाली, भिंतीवर एक पट्टा गुळगुळीत झालेला होता. जांभ्याला असतात ती भोकं तिथे केसांनी आणि मळाने भरून आली होती, वरून काळसर चकाकी होती. गुरांनी अंग घासून घासून तो दगड असा केला होता. खांबांना त्याच उंचीवर दाव्यांच्या खाचा पडल्या होत्या, अंगठा आत बसेल एवढ्या खोल. बाजूच्या देवळीत काजळी होती आणि तिच्याखाली हळदकुंकवाची बोटं, दिवाळीच्या पाडव्याला उमटवलेली.

शेवटची गाय गेली त्याला काही वर्षं झाली होती. ‘गवत कोण आणणार, गुरुजी? गुडघं चालत न्हाईत.’ मुलगे मुंबईत. नांगर गेला, पॉवर टिलर आला. इथे बंदर झालं, १२०० मेगावॉटचा वीजप्रकल्प झाला, तरुणांच्या हाताला दुसरं काम मिळालं. नातवाला गोठ्याच्या जागी दोन खोल्या काढायच्या आहेत. गणपतीपुळ्याला येणारे लोक आता किल्ला बघायला जयगडपर्यंत येतात. यात मला गैर काही वाटलं नाही. रिकामा गोठा काही कुणाचं पोट भरत नाही. आजोबांची काळजी निराळी होती. ‘जागेवाला हाय तिथं. दोष नको लागायला.’ जागेवाला म्हणजे जागेचा राखणदार.

हे भय मी रोज ऐकतो. दार दक्षिणेला आहे, दोष आहे का? जिना डावीकडून आहे, दोष आहे का? या भयावर पुष्कळांचा धंदा चालतो, पिरॅमिड विकले जातात, चांगल्या भिंती फोडल्या जातात. शांत ही भयापोटी करायची गोष्ट आहे असं मला वाटत नाही, आणि ज्या कथेवर वास्तुशांत उभी आहे ती नीट ऐकली तर तिच्यातही ते दिसत नाही.

मत्स्यपुराणात ती कथा येते. शिव अंधकासुराशी लढत असताना त्याच्या घामाचा थेंब जमिनीवर पडला आणि त्यातून एक प्रचंड भूत जन्मलं. त्याची भूक भागेना. ते त्रैलोक्य गिळायला निघालं तेव्हा देवांनी त्याला पालथं पाडलं आणि ज्याने जो अवयव धरला होता तिथेच ठाण मांडलं. तोच वास्तुपुरुष. आजही आम्ही ८१ पदांचं मंडल मांडतो, त्यावर ४५ देवता बसवतो आणि शेवटी प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पालथी पुरतो. पालथी का, असं मुलं विचारतात. कथेत तो पालथा आहे म्हणून. पण मला या कथेत जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं : त्या दडपलेल्या जिवाने विचारलं, मी काय खायचं? आणि देवांनी त्याला बळी लावून दिला, घर बांधणाऱ्या प्रत्येकाने त्याला पुजावं असं ठरवलं. म्हणजे घर उभं राहतं ते कुणाला तरी खाली दाबून, ही गोष्ट पुराणकारांना माहीत होती. त्यांनी ती लपवली नाही. शांत म्हणजे त्या दाबल्या गेलेल्याची आठवण ठेवणं, त्याच्या वाटचं त्याला देणं.

आमच्या किल्ल्याची कथाही हेच सांगते, फक्त तिथे भूत नाही, माणूस आहे. शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे खाडीच्या तोंडावर विजापूरकरांनी हा किल्ला बांधला. पुढे तो संगमेश्वरच्या नाईकांकडे, मग आंग्र्यांकडे गेला आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. बांधताना तट टिकेना, तेव्हा जयबा नावाच्या तरुणाने स्वतःला पायात गाडून घेतलं आणि त्याच्या नावावरून जयगड झाला, असं सांगतात. तो महार होता असंही सांगतात. किल्ल्यात त्याचं स्थान आहे, लोक तिथे हात जोडतात, मीही जोडतो. पण तो ‘स्वखुशीने’ गेला, हा शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळते. त्या काळात ज्याला देवळाची पायरी चढू दिली नाही, त्याला किल्ल्याचा पाया व्हायला लावणं, याला खुशी कुणाची म्हणायची? कथा खरी की खोटी हे मी सांगू शकत नाही. ती पिढ्यानपिढ्या सांगितली गेली यातच इमारतीबद्दलचं एक जुनं सत्य आहे : उभं राहणाऱ्याच्या खाली कुणीतरी असतो, आणि तो बहुतेक वेळा तोच असतो, ज्याला नाही म्हणता येत नाही.

गोठ्यात हे पुरलेलं नसतं, उघड असतं. खांबावरच्या त्या खाचा मी पाहिल्या. गोठा हा निवारा खराच. पाऊस, वारा, जनावर यांपासून त्याने राखलं, पेंढा दिला, पाणी दिलं. आमच्या धर्मात रोजच्या पाच यज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे, जेवणाआधी इतर जिवांचा वाटा काढायचा. गोग्रास, काकबळी ही त्याचीच रूपं. गव्हाण म्हणजे तोच वाटा, दगडात बांधून कायमचा केलेला. पण दावंही तिथेच आहे. नाकातली वेसण, खच्ची केलेला बैल, वासराच्या तोंडचं दूध, भाकड झाल्यावर दारात येणारा दलाल, हे सगळं त्याच छपराखाली झालं. गाईला माता म्हणणाऱ्या आपण हे निदान स्वतःशी तरी कबूल केलं पाहिजे. आमची भाताची खाचरं, तरवा भाजायला लागणारं शेण, सारवलेली अंगणं, मुलांचं दूध, सगळं त्या बांधलेल्या मानांवर चाललं. बंगल्याखालचा वास्तुपुरुष मी मंत्राने कल्पतो. गोठ्यात तो चार पायांवर उभा होता आणि त्याने भिंतीला अंग घासल्याची खूण आहे. मग शांत घराची करायची आणि गोठ्याची नाही, याला आधार काय?

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठांची वास्तोष्पतीची सूक्तं आहेत. वास्तुशांतीत आम्ही ती म्हणतो. त्यांत घराच्या स्वामीकडे मागणं आहे की आमच्या दोन पायांच्यांचं भलं कर आणि चार पायांच्यांचं भलं कर. दोघांसाठी मागणं एकच. रत्नागिरी शहरात चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हे म्हणताना अलीकडे मला दरवेळी वाटतं की या मागण्यातले अर्धे आता इथे नाहीत. ऋषीला घर म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे आलं त्यात गुरं होतीच. गुरांशिवायचं घर त्याला घर वाटलं असतं का, सांगता येत नाही.

हे फक्त आपल्याकडचंच आहे असंही नाही. माझा पुतण्या कार्डिफला असतो. तिथे जवळच सेंट फेगन्सला १९४८ मध्ये सुरू झालेलं एक खुलं संग्रहालय आहे. वेल्समधली जुनी घरं, कोठारं, गोठे खुणा घालून उतरवायचे आणि इथे आणून पुन्हा तसेच उभे करायचे, असं त्याचं काम. तिथल्या किलेवेंट नावाच्या शेतघराचे फोटो त्याने मला पाठवले. दगडी भिंती १७३४ च्या, लांबट घर, एका टोकाला माणसं राहायची आणि दुसऱ्या टोकाला गुरं, आत जायचं दार एकच. आमच्याकडेही पडवीला लागून गोठा असलेली घरं मी लहानपणी पाहिली आहेत. रात्री झोपेत गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायच्या. पण मला त्या फोटोंपेक्षा त्यांची उतरवण्याची रीत अधिक भिडली. काय काढलं, कुठून काढलं, हे ध्यानात ठेवून वास्तू उतरवणं. तिथे मंत्र कुणी म्हटला नसेल. तरी ज्या मनाने ते केलं जातं, त्या मनाला मी श्रद्धाच म्हणेन.

आपल्याकडे उतरवण्याचा मंत्र आहे का, हे शोधताना मी अथर्ववेदापाशी आलो. माझी शाखा ऋग्वेदाची; अथर्व मी पाठ केलेला नाही, वाचलेला आहे. नवव्या कांडातलं तिसरं सूक्त शालेचं, म्हणजे घराचं आहे. त्यात ऋषी घर बांधत नाही, सोडवतो आहे. खांबांच्या गाठी, टेकूंच्या गाठी, आडव्या वाशांच्या, गवताच्या शाकारणीच्या, एकेक गाठ नाव घेऊन सुटी करतो. ते घर वेळू-गवताचं होतं, जांभ्याचं नव्हतं. मध्येच तो थांबतो आणि या शालेत जे जन्मलं त्याला, गाईंना आणि घोड्यांना, नमस्कार करतो. मग शालेला म्हणतो की तू आपल्या पोटात अग्नीला झाकलंस, माणसांना झाकलंस, गुरांसह झाकलंस. आता तुझे पाश आम्ही सोडतो. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. दान देताना म्हणायचं हे सूक्त आहे असं काही अभ्यासक मानतात. असेल. मला त्यात आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर दिसलं : बांधताना जे बांधलं ते उतरवताना सोडवायचं असतं, आणि ते नाव घेऊन सोडवायचं असतं.

‘जनावरासाठी कसली शांत?’ असं वाडीतल्या एका तरुणाने विचारलं. त्याला मी आळ्याचं सांगितलं. पैठणला ज्ञानदेवांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे गावी आहे. लोक तिथे दर्शनाला जातात, जत्रा भरते. रेडा माणसांना पटवण्यासाठी बोलला, पण त्याला नुसता साक्षीदार मानून सोडून दिलं नाही. ज्ञानदेवांनीच त्याला समाधी दिली, असं सांगतात. चार पायांच्या जिवाचा निरोप विधीने घेता येतो, याला महाराष्ट्रात याहून मोठा दाखला कुठला हवा? तो मुलगा यावर काही बोलला नाही. पण कौलं उतरवायला तोच आधी चढला.

विधी आम्ही फार मोठा केला नाही. होम घातला नाही. देवळीत दिवा लावला, नारळ ठेवला. जागेवाल्याला गाऱ्हाणं मी घातलं नाही, आजोबांनी घातलं. ती त्यांची जागा, त्यांचा राखणदार, त्यांची भाषा. ‘इतकी वरसं राखलंस, आता गुरं न्हाईत, जागा मोकळी करतांव, चुकलंमाकलं पोटात घाल,’ असं ते म्हणत गेले आणि जमलेले ‘होय म्हाराजा’ म्हणत गेले. मग त्यांनी त्या गोठ्यात बांधलेल्या गुरांची नावं घेतली. कपिली, तांबू, पवळ्या, चांद्या. काही नावं त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली होती, ती गुरं त्यांनी स्वतः पाहिलीही नव्हती. मला वाटलं होतं चार-पाच नावं होतील. ते बराच वेळ थांबले नाहीत. एका बैलाचं नाव घेताना त्यांचा आवाज बसला. तो त्यांनी मुलीच्या लग्नात विकला होता. मी वास्तोष्पतीचं सूक्त म्हटलं, अथर्वातला नमस्कार वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगितला. एका खांबाला सुंभाचं जुनं दावं अजून होतं. गाठ सुकून दगड झालेली. नातू कोयती घेऊन आला, तर आजोबांनी त्याला थांबवलं, पाणी मारून गाठ भिजवली आणि नखांनी सोडवली. त्याला वेळ लागला. सगळे उभे राहिले.

गोठा हाताने उतरवला. आधी कौलं, मग वासे, मग चिरे. ऐनाचे खांब आतून निबर निघाले, ते नव्या खोल्यांच्या पडवीला लागतील. चिरे गडग्याला गेले. दक्षिणा मी घेतली नाही. ती ज्या घरात अजून गुरं आहेत तिथे सरकी-पेंडीला द्यावी असं सांगितलं. हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही, पण भूतयज्ञाला धरून आहे, आणि मला विचाराल तर आजच्या काळात गोठ्याच्या शांतीचा हाच मुख्य भाग असायला हवा. ज्यांची मान अजून दाव्यात आहे त्यांच्या पोटाला मिळालं नाही, तर गेलेल्यांच्या नावाने लावलेल्या दिव्याला अर्थ काय राहिला?

त्यानंतर इतरही काही जणांनी विचारलं. त्यांना मी हेच सांगतो : जेसीबी लावू नका, गुरांची आठवतील ती नावं घ्या, गाऱ्हाणं घरच्यांनीच घाला, मी मंत्रापुरता येतो. यजमान असला की हे सगळं जमतं. सांडेलावगणच्या बाजूला मात्र एक गोठा आहे, यापेक्षा मोठा, दोन्ही बाजूंना गव्हाणी असलेला. कौलं गेलीत, पश्चिमेची भिंत दोन पावसाळ्यांत आत बसेल. घर बंद आहे, सातबाऱ्यावर नावं पुष्कळ आणि त्यातलं इथे राहणारं कुणी नाही. तो पडेल तेव्हा संकल्प सोडायला यजमानाचं नाव लागेल, गोत्र लागेल. वाटेवरून जाणाऱ्या भिक्षुकाने स्वतःच्या नावाने तो सोडला तर चालतो का, त्या गुरांचं दूध आणि धान्य ज्याने कधी खाल्लं नाही त्याला तो अधिकार पोचतो का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. जाणत्या दोघांना विचारलं. एकाने नाही म्हटलं. दुसऱ्याने विचारलं, तुम्ही या गावांत लहानाचे मोठे झालात, मग कुणाच्या गोठ्यातलं दूध प्यायलात?